विचारतो, पण थांबत नाही : अमेरिकन पाहुणा आणि आपण

या वेळचा भाग नेहमीसारखा गप्पांचा नाही. इचलकरंजीतल्या एका कॉलेजमध्ये टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर झालेलं हे भाषण आहे. बोलणाऱ्या ताई चौदा वर्षं इथल्या कापड निर्यातीच्या धंद्यात आहेत. परदेशी ग्राहकांना माग दाखवणं आणि मधे उभं राहून इकडचं तिकडं पोचवणं, हे त्यांचं रोजचं काम. एसटीत हेडफोन विसरलेल्यांसाठी हा लिहिलेला मजकूर. बोलणं शक्यतो बोलल्यासारखंच ठेवलंय.

*

नमस्कार. मागे आवाज येतोय का? येतोय? बरं.

सरांनी मला विषय दिला होता, ‘निर्यात क्षेत्रातील संधी’. त्यावर मी बोलले तर दहा मिनिटांत तुमचे हात मोबाइलकडे जातील. म्हणून मी सरांना विचारून विषय जरा बदललाय. आज आपण अमेरिकन माणसाबद्दल बोलू. म्हणजे अमेरिका या देशाबद्दल नाही, तिथल्या राष्ट्राध्यक्षांबद्दल तर अजिबात नाही. जो अमेरिकन माणूस आपल्या दारात येतो, तो आपल्याला कसा दिसतो, याबद्दल.

तुम्हीच सांगा. अमेरिकन म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं?

‘डॉलर.’ बरोबर. ‘मोठ्यानं बोलतो.’ हो. ‘सारखा हसतो.’ हे कोण म्हणालं? एकदम करेक्ट. ‘व्हिसा.’ (हशा) हा शेवटचा मुलगा प्रामाणिक आहे.

आता हे सगळं आपल्याला कुठनं कळलं? ऐंशी टक्के सिनेमातनं आणि रील्समधनं. प्रत्यक्ष अमेरिकन माणसाशी पाच मिनिटं बोललेले इथं किती जण आहेत? हात वर करा. चार. एवढ्या हॉलमध्ये चार. आणि मत मात्र सगळ्यांचं तयार आहे. इथूनच सुरुवात करू.

शेडमधला पाहुणा

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं एक अमेरिकन ग्राहक आला होता. एका कंपनीसाठी कापड खरेदी करणारा मॅनेजर. उंच, पन्नाशीचा, पायात बूट, पाठीवर सॅक. ऑफिसात नमुने पाहून झाल्यावर म्हणाला, मला माग बघायचेत. शेटना वाटलं होतं एअरजेटचा नवा विभाग दाखवू, एसी आहे, स्वच्छ आहे. तो म्हणाला, नाही, जुने पण दाखवा. मग त्याला घेऊन गेलो साध्या मागांच्या शेडवर.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी माग आहेत. साध्या मागाच्या शेडमध्ये आवाज काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. तिथं हळू बोलणारा पाहुणा उपयोगाचा नाही. युरोपातले काही ग्राहक इतकं हळू बोलतात की मला त्यांच्या ओठांकडं बघून अंदाज करावा लागतो. हा गडी मात्र मुळातच मोठ्या आवाजाचा. आमच्या शेडमध्ये एकदम फिट बसला!

तर हा प्रत्येक मागाजवळ जायचा, मागवाल्याकडं बघून छान हसायचा आणि विचारायचा, ‘हाउ आर यू डुइंग?’ मी भाषांतर करायचे, ‘कसं काय चाललंय विचारतायत.’ तिसऱ्या मागावर ओडिशाचा एक मुलगा होता. त्यानं माग थांबवला. गमछानं तोंड पुसलं. आणि सांगायला लागला, चार दिवस ताप होता, आज पहिलाच दिवस आहे, सूत खराब आलंय, सारखं तुटतंय, पीक कमी भरतंय, मजुरी पिकावर असल्यामुळं हप्त्याला पैसे कमी पडणार. मी हे सगळं हिंदीतनं ऐकून इंग्रजीत सांगायला मान वळवली, तर साहेब पाचव्या मागावर! तिथंही हसतोय, तिथंही तेच विचारतोय.

त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तो रागावला नाही. गोंधळला. माग पुन्हा सुरू केला.

चहाच्या वेळी आमच्या जॉबर मामांना मी विचारलं, ‘मामा, कसा वाटला पाहुणा?’ मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, ‘मानूस चांगलाय गं. पन इचारतोय आनि थांबत न्हाई.’

अमेरिकन माणसाबद्दल पुढं मी पुष्कळ वाचलं. पण मामांच्या या एका वाक्याइतकं नेमकं मला काही सापडलं नाही.

दोन्हीकडची वाक्यं

आता न्यायानं बोलायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडं ‘हाउ आर यू’ हा प्रश्न नाहीच, तो नमस्कार आहे. दुकानातला पोऱ्या, लिफ्टमधला अनोळखी माणूस, सगळे म्हणतात. उत्तर एका शब्दाचं, ‘गुड.’ संपलं. आपण रस्त्यात विचारतो ना, ‘काय, कुठं निघाला?’ आपल्याला काय करायचंय तो कुठं निघालाय! त्यानं खरंच थांबून सगळा पत्ता सांगितला तर आपणच घड्याळ बघतो.

आणि याचा दुसरा भागही ऐका. त्याच दिवशी दुपारी शेडच्या पायरीवर कांडीवाल्या मावशी डबा उघडून बसल्या होत्या. हा समोरून आला. मावशी सवयीनं म्हणाल्या, ‘या जेवायला.’ मी भाषांतर केलं. आणि हा बसला की खाली! बूट काढले, पायरीवर बसला, अर्धी भाकरी घेतली, खर्ड्याला बोट लावलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणतोय ‘वंडरफुल’. (हशा) मावशींनी नुसती रीत पाळली होती. त्या दिवशी त्या अर्धपोटी राहिल्या असणार. पण पुढं सहा महिने तरी शेडमध्ये तीच गोष्ट चालू होती. ‘साहेब माज्या डब्यातलं जेवला.’

बघा गंमत. आपली रीत त्यानं खरी धरली आणि त्याची रीत आपण खरी धरली. एकीकडं अर्धी भाकरी गेली. दुसरीकडं एक आजारी पोरगा बोलता बोलता एकटा उभा राहिला. दोन्ही ठिकाणी वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आता इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पुढचं हसण्यावारी गेलं नाही. ते मी शेवटी सांगते. त्याआधी थोडं मागं जाऊ. कारण अमेरिकन माणूस आपल्या मुलखात पहिल्यांदा काही परवा आलेला नाही. दोनशे वर्षं होऊन गेली.

कापूस शिकवायला आलेले

तुम्ही टेक्स्टाइलची मुलं आहात, म्हणून कापसापासूनच सांगते. १८४० साली ईस्ट इंडिया कंपनीनं अमेरिकेच्या दक्षिण भागातनं दहा कापूस बागायतदार हिंदुस्थानात आणले. कशासाठी? इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस लागायचा, लांब धाग्याचा. त्यासाठी अमेरिकेवर अवलंबून राहणं इंग्रजांना नको होतं. म्हणून म्हणाले, तिकडचीच माणसं आणू, इथल्या शेतकऱ्याला कापूस कसा पिकवायचा ते शिकवू.

म्हणजे ज्या देशात हजारो वर्षं कापूस पिकतोय, त्या देशाला कापूस शिकवायला! आणि शिकवणारे कुठले? जिथं गुलामांकडून कापूस पिकवून घेत होते तिथले.

त्यातले काही आले धारवाड-हुबळी भागात. इथनं गाडीनं तीनेक तासांवर. सरकारी खर्चानं प्रयोगाची शेतं उभी राहिली. अमेरिकन बियाणं, अमेरिकन नांगर, अमेरिकन पद्धत. पण पाऊस काही अमेरिकन नव्हता. मातीही नव्हती. आणि इथला माणूस गुलाम नव्हता, न पटलेल्या कामावर तो कशाला येईल? बहुतेक ठिकाणी प्रयोग फसले.

पण त्या दहांत मर्सर नावाचा एक होता. त्याची गोष्ट मला फार आवडते. काही वर्षं इथं काढल्यावर, १८४५ च्या सुमाराला, त्यानं सरकारला सरळ कळवलं, की ही शेतं म्हणजे फुकटचा खर्च आहे, ती बंद करा. अमेरिकन पद्धत इथं चालणारी नाही. इथल्या शेतकऱ्याला इथलं हवामान आणि इथली जमीन जास्त कळते आणि तो आमच्यापेक्षा चांगली आणि स्वस्तात शेती करतो.

विचार करा. ज्याला शिकवायचा पगार मिळतोय तो माणूस लिहितोय, की मला यांना शिकवण्यासारखं काही नाही. याला थांबणं म्हणतात. थांबून बघणं.

आणि आपले शेतकरी तरी काय अडून बसले होते? नाही. पद्धत नाकारली, पण बियाणं नाही नाकारलं. न्यू ऑर्लिन्सचं बी धारवाडच्या काळ्या मातीत रुजतंय, भाव बरा मिळतोय, हे दिसल्यावर त्यांनी ते आपल्या रीतीनं पेरलं. त्या कापसाला बाजारात ‘धारवाड-अमेरिकन’ असं जोडनाव पडलं. उपदेश परत गेला, कामाची वस्तू ठेवून घेतली. अमेरिकन पाहुण्याशी वागायची आपली ही जुनीच पद्धत आहे.

छापखाना, शाळा, दवाखाना

याचं आणखी एक उदाहरण मिशनऱ्यांचं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्या वेळी इंग्लंड आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं. कंपनी सरकारनं त्यांच्याकडं संशयानंच बघितलं आणि परत जायला सांगितलं. ते चिकाटीनं राहिले. पुढं अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. लोकांना काय वाटायचं? ‘बाटवायला आलेत.’ आणि ते काही खोटं नव्हतं, धर्मप्रसार हाच त्यांचा हेतू होता. पण त्यांनी मराठी शिकून घेतली, मराठीत छापायला लागले. लोकांनी पुस्तकातल्या उपदेशाकडं पाठ फिरवली आणि छापखान्याकडं मात्र निरखून बघितलं. गणपत कृष्णाजींनी ते काम बघून स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. निर्णयसागरचे जावजी दादाजी पोरवयात अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात कामाला होते. धर्म देणाऱ्याकडून खिळे घेतले आणि त्यात पंचांग छापलं. याला म्हणतात नाद खुळा! (हशा)

दुसरं नाव, सिंथिया फरार. अविवाहित बाई, १८२७ साली अमेरिकेतनं निघून इकडं आली आणि पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला त्यांची शाळा पाहिली आणि पुण्याला आल्यावर स्वतः मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचे धडे नगरला फरारबाईंकडं घेतले.

आणि इथं एक गोष्ट लक्षात घ्या. धारवाडला आलेले बागायतदार आणि नगरला शिकवणाऱ्या फरारबाई हे एकाच काळातले, एकाच देशातले. एकजण गुलामांच्या जोरावर शेती करणाऱ्या मुलखातला, एकजण परक्या देशातल्या मुलींना अक्षर शिकवणारी. यातला ‘खरा अमेरिकन’ कुठला? दोघंही. फुल्यांना हे नीट कळलेलं होतं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना. सगळ्या अमेरिकेला नाही. एक देश म्हणजे एक माणूस नसतो, हे ते पुण्यात बसून ओळखत होते. आणि आपल्या हातात अख्खं जग असून आपण कॉमेंटमध्ये लिहितो, ‘अमेरिकन असेच असतात.’

आपल्या जवळचं सांगायचं तर मिरज. मिरजेचं मिशन हॉस्पिटल तुमच्या आजी-आजोबांना विचारा. डॉक्टर वानलेस १८८९ साली इकडं आले. मूळचे कॅनडाचे, पण मिशन अमेरिकन, म्हणून लोकांच्या लेखी तेही अमेरिकनच. मोतीबिंदूसाठी लांबलांबनं माणसं यायची. आता जो माणूस आंधळा म्हणून आत गेला आणि बघत बाहेर आला, त्याला तुम्ही सांगा की अमेरिकन लोक असे असतात नि तसे असतात. तो ऐकेल? त्याच्यासाठी अमेरिका म्हणजे डॉक्टरांचा हात. सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडी अजून आहे. गावाला नाव देणं ही काही साधी गोष्ट नाही. आपल्याकडं गल्लीला नाव द्यायचं तर दोन वर्षं भांडणं चालतात.

गहू आणि आरमार

म्हणजे सगळं गोडच होतं का? नाही. माझे आजोबा अमेरिकेचं नाव निघालं की दोनच गोष्टी बोलायचे. एक, लाल गहू. साठच्या दशकात देशात धान्य कमी होतं. अमेरिकेनं १९५४ साली पीएल ४८० नावाचा कायदा केला होता, त्याखाली गहू यायचा. रेशनवर तो लाल गहू मिळायचा. आजोबा म्हणायचे, ‘खाल्लाय, न्हाई म्हनत न्हाई. पन घशाखाली उतरताना टोचायचा.’ गहू टोचायचा का दुसऱ्याच्या हातनं खावं लागतंय हे टोचायचं, ते त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट, १९७१ चं सातवं आरमार. बांगलादेशाच्या युद्धात अमेरिकेनं बंगालच्या उपसागराकडं युद्धनौका पाठवल्या होत्या. आजोबांच्या हिशेबी, गहू देणारा आणि आरमार पाठवणारा एकच. पण तेच आजोबा नंतर मिरजेच्या हॉस्पिटलात डोळे दाखवायला गेले तर हात जोडून आले. देशाचा हिशेब वेगळा आणि माणसाचा वेगळा, हे त्यांनी दोन खात्यांवर नीट मांडून ठेवलं होतं. दिवाणजी होते ना ते! (हशा)

थांबलेल्या दोघी

आता मामांच्या वाक्याकडं परत येऊ. ‘इचारतोय आनि थांबत न्हाई.’ जे थांबले त्यांचं काय झालं? दोघींबद्दल सांगते. दोघीही आपल्या टापूतल्याच म्हणा.

पहिल्या, मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेतनं १९६१ साली पहिल्यांदा भारतात आल्या आणि पुढं फलटणला राहिल्या. पीएचडी कशावर केली? फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर. बाजारात, घरात, वाड्यावस्तीवर माणसं कशी बोलतात, कोण ‘आहे’ म्हणतो, कोण ‘हाय’ म्हणतो, याच्यावर. मॅडम, सर, विचार करा. आपण ज्या बोलीला गावंढळ म्हणून मुलाखतीत लपवतो, ती बोली एका अमेरिकन बाईनं वर्षानुवर्षं कान देऊन ऐकली. १९७८ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. फलटणमध्ये शाळा काढली. लहान मुलांना मराठी वाचायला-लिहायला कसं शिकवायचं, यावर आयुष्य घालवलं.

दुसऱ्या, गेल ऑम्व्हेट. मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या. महात्मा फुले आणि सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी करायला महाराष्ट्रात आल्या. १९७३ साली बर्कलीच्या विद्यापीठात तो प्रबंध पूर्ण झाला. आता बघा, ज्या फुल्यांनी शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या सज्जनांना पुस्तक अर्पण केलं, त्यांच्यावर अभ्यास करायला अमेरिकेतनंच एक मुलगी आली. आणि अभ्यास करून परत गेली नाही. भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यात कासेगावला राहायला आल्या. १९८३ साली भारतीय नागरिक झाल्या. परित्यक्ता बायकांच्या, दुष्काळी भागातल्या पाण्याच्या, शेतकऱ्यांच्या चळवळीत मोर्च्यात चालल्या. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावलाच गेल्या. हायवेवरचं कासेगाव. तुम्ही पुण्याला जाताना शेजारनं जाता.

या दोघींना ‘अमेरिकन कशा असतात’ असा प्रश्न कुणी विचारला असेल का? सुरुवातीला विचारला असेल. मग हळूहळू तो प्रश्न गळून पडला. कारण माणूस थांबला, की तो कुठला आहे हे मागं पडतं आणि तो कसा आहे हे पुढं येतं.

पण सगळ्यांनी इथं येऊन राहायला पाहिजे असं मी म्हणत नाही. आठ दिवसांसाठी येणारा माणूस आयुष्य काढायला येत नसतो. त्यानं पाच मिनिटं थांबावं, एवढीच मामांची अपेक्षा होती. उत्तर येईपर्यंत.

जर्मनीतली आगगाडी

आता आरसा फिरवते. जर्मनीत फ्रँकफर्टला जानेवारीत घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं, हाइमटेक्स्टिल. तिथं मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही पाच जण होतो. ट्रेननं चाललोय, आनंदात आहोत, ऑर्डर मिळालीय. एकानं घरी व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर. ‘आई, बघ बर्फ!’ दुसऱ्यानं सकाळी हॉटेलच्या नाष्ट्यातनं रुमालात बांधून आणलेला ब्रेड काढला, त्यावर शेंगदाण्याची चटणी. वास सुटला. हसणं, टाळ्या देणं. समोर एक आजोबा बसले होते. त्यांनी काही न बोलता खिडकीवरच्या चिन्हाकडं बोट केलं. तो शांततेचा डबा होता. मग हळूच विचारलं, ‘इंडियन्स?’

एवढंच. पण त्या एका शब्दात आम्ही पाच जण नव्हतो, तुम्ही सगळे होता. आपल्यामुळं त्या आजोबांचं एकशे चाळीस कोटी लोकांबद्दलचं मत तयार झालं. मोठ्यानं बोलतात. पैसे आले की आवाज वाढतो. म्हणजे हुबेहूब जे आपण अमेरिकनांबद्दल म्हणतो ते!

आणि फ्रँकफर्ट कशाला, इथंच बघा. आपल्या मागांवर ओडिशाचे, बिहारचे, उत्तर प्रदेशचे, कर्नाटकातले किती कामगार आहेत. त्यांच्या लेखी आपण कोण? आपण शेडमधनं जाताना म्हणतो, ‘क्या रे, कैसा है?’ आणि चालत राहतो. अमेरिकन पाहुणा आला की खुर्ची पुसून देतो, नारळपाणी आणतो, त्याचं ‘वंडरफुल’ स्टेटसला ठेवतो. आणि हजार किलोमीटरवरनं आलेल्या पाहुण्याचं गावही आपल्याला माहीत नसतं.

माझी चूक

आता शेवटचं, जे सांगते म्हणाले होते ते.

मामांचा मुलगा तेव्हा टेक्स्टाइलचा डिप्लोमा झाला होता. हुशार पोरगा. तो अमेरिकन साहेब निघताना मामांनी त्याला पुढं केलं आणि मला म्हणाले, ‘इचार की गं, पोराचं कुठं जमंल का.’ मी विचारलं. साहेबानं पोराचा हात हातात घेतला, जोरात हलवला आणि म्हणाला, ‘अ‍ॅब्सोल्यूटली! मला त्याची माहिती मेल करा. काहीतरी नक्की करू.’ खांद्यावर थाप मारली, गाडीत बसला, गेला.

मी मामांना काय सांगितलं? ‘नक्की करतो म्हणाले.’

शब्द बरोबर होते. भाषांतर चुकलं होतं. चार वर्षं या लोकांबरोबर काम करून मला माहीत होतं, की त्यांचं ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ म्हणजे त्या क्षणाचा खरा उत्साह असतो, वचन नसतं. जसं आपलं ‘बघू की’ म्हणजे बऱ्याच वेळा ‘नाही’ असतं. ते त्याला कळत नाही, तो महिनाभर वाट बघतो आणि म्हणतो, हे लोक सरळ ‘नाही’ का म्हणत नाहीत? हे मला माहीत होतं. पण मामांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की माझ्या तोंडातनं पुढचं वाक्य निघालं नाही.

पोरानं मेल पाठवला. पुन्हा पाठवला. त्या महिन्यात त्याला सुरतेला नोकरी आली होती. त्यानं नाही म्हणून कळवलं. अमेरिकेचं काम होतंय ना! चार महिने वाट बघितली. उत्तर आलं नाही. सुरतेची जागा भरली. पोरगा वर्षभर बापाबरोबर रात्रपाळीला शेडमध्ये उभा राहिला.

त्या साहेबाला मी नंतर एका कामाच्या मेलमध्ये विचारलं. त्याला पोरगा आठवत होता, चांगला आठवत होता. त्याला खरंच वाईट वाटलं. लिहिलं होतं, ‘तो माझ्या शब्दावर थांबेल असं मला वाटलंच नाही.’

पोरगा आता बरा आहे, एका स्पिनिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘ताई, त्या मानसाचा मला राग न्हाई. त्याला आपली भाषा येत नव्हती. तुमाला दोन्ही येत होत्या.’

मी काय बोलणार?

म्हणून तुम्हाला सांगते. यातले बरेच जण उद्या माझ्या जागी उभे असाल. कुणी ग्राहकासमोर, कुणी परदेशातल्या ऑफिसात, कुणी नुसतं झूमवर. अमेरिकन माणूस चांगला की वाईट, हे ठरवायचं काम तुमचं नाही. तो हसला म्हणून मित्र समजू नका आणि उत्तर नाही आलं म्हणून लबाड समजू नका. ‘नक्की’ म्हणाला तर तिथल्या तिथं विचारा, कोण करणार, कधीपर्यंत, मी कुणाला लिहू. याचा त्यांना राग येत नाही. उलट बरं वाटतं. आणि आपल्याला जमणार नसेल तर ‘बघू’ म्हणू नका. ‘जमणार नाही’ म्हणा. पहिल्यांदा जीभ अडेल, नंतर सवय होते.

आणि मधे उभे असाल तेव्हा नुसते शब्द पोचवू नका. त्या शब्दाचं वजन किती आहे तेही सांगा. समोरच्याचा चेहरा पडला तरी सांगा. माझ्यानं ते झालं नाही.

त्या लग्नात मामाही होते. आता रिटायर झालेत. मी घाईत होते, जाता जाता विचारलं, ‘काय मामा, बरं आहे ना?’ आणि पुढं निघाले. मागनं आवाज आला, ‘पोरी, तूबी थांबंना झालीस व्हय?’

थांबले. खुर्ची ओढून बसले. गुडघ्याचं सांगत होते, अर्धा तास ऐकलं.



*

ऐकणाऱ्यांनो आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या गावात, कारखान्यात, घरी कधी परदेशी पाहुणा आला असेल तर तो तुम्हाला कसा वाटला आणि तुम्ही त्याला कसे वाटला असाल, ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकवू. भाग आवडला तर कुणाला तरी पाठवा आणि पाठवताना ‘कसा आहेस?’ असं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. भेटू पुढच्या आठवड्यात!